रुमालाखालचा कौल

“लोकशाही दिल्लीत आली असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. लोकशाही आज दुपारी चार वाजता सांगलीत, या पेढीवर, माझ्यासमक्ष येणार आहे!”

मोठ्या प्रसंगी हंबीरराव पुस्तकी मराठी बोलत. हे वाक्य त्यांनी उभ्यानं, उजवा हात आढ्याकडं करून उच्चारलं आणि मागं न बघता रुबाबात गादीवर बसले. गादी तिथं नव्हती. ढेकणांची तक्रार वाढल्यामुळं सूनबाईंनी ती सकाळीच माडीवर उन्हात टाकली होती. लोकशाहीच्या स्वागताध्यक्षांची आणि फरशीची गाठ पडली ती अशी.

कृष्णात हसला नाही, कारण तो त्यांचा मुलगा होता. लालासाहेब हसले नाहीत, कारण पाठचा भाऊ असले तरी सहा वर्षं पलटणीत काढल्यामुळं वरिष्ठ पडले तर सरळ समोर बघायचं, हे त्यांना ठाऊक होतं. हसल्या त्या एकट्या बनुबाई. त्या थोरल्या बहीण होत्या, कुंडलाहून चार दिवसांसाठी आल्या होत्या आणि आज त्यांचा अकरावा दिवस होता.

“आक्का, हसू नगंस,” लालासाहेब म्हणाले. “दादा पडलं.”

“पडतंय कुठलं? बसलं. जरा लांबचा पल्ला घेतला, एवढंच.”

इंग्रज जाऊन चार महिने झाले होते, पण सांगली अजून संस्थानच होती. तिचं पुढं काय करायचं यावर पेठेत तीन मतं होती. एक, आहे तसं वेगळं राहायचं. दोन, शेजारच्या संस्थानांचा संघ करून त्यात जायचं. तीन, सरळ मुंबई इलाख्यात विलीन व्हायचं. विष्णुपंत नावाचे एक निवृत्त मास्तर लोकमत अजमावणी समितीचे चिटणीस होते. किंबहुना ते एकटेच ती समिती होते. दर पेढीला एक मत, असा त्यांचा हिशेब. चाळीस पेढ्या विचारून झाल्या होत्या. एकतीस जणांनी “बाकीचे म्हणतील ते” असं सांगितलं होतं, आणि बाकीचे म्हणजे कोण, असं विचारल्यावर उरलेल्या नऊ पेढ्यांकडं बोट दाखवलं होतं. त्या नऊ पेढ्यांनी बोट दाखवलं होतं हंबीररावांकडं.

एवढा सगळा मुलूख आपल्या तोंडाकडं बघतोय म्हटल्यावर माणूस जे करतो तेच हंबीररावांनी केलं. भर पेठेत, हळदीच्या थप्पीला टेकून, ते बोलून गेले, “माझ्या घरात मत एकच. दुसरं निघालं तर हा रुमाल लालाच्या खांद्यावर टाकीन आणि घरी बसीन.”

हळदीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. अडत्या आपल्या हातावर रुमाल टाकतो, खरेदीदार त्याखाली हात घालून अडत्याची बोटं दाबतो. किती बोटं, कुठलं पेर, दाब केवढा, यावरून भाव कळतो, तो फक्त त्या दोघांना. सगळ्यांची बोली झाली की अडत्या वरचा भाव पुकारतो, आणि त्याच्या शब्दावर कुणी चकार शब्द काढत नाही. या पेढीचा रुमाल आजोबांपासून थोरल्याच्याच खांद्यावर होता. त्यामुळं हंबीररावांचं बोलणं ऐकून पेठ तासभर गप्प झाली, आणि मग तिनं पैजा लावल्या.

हंबीररावांचं मत होतं वेगळं राहायचं. त्याचं कारण नाका.

“हळद पिकती पल्याडच्या मुलखात,” लालासाहेब आज तिसऱ्यांदा सांगत होते. “पेठ हाय आपल्या मुलखात. मधी नाका. गाडीवान अर्धा दिस तिथं बसून जकातीची पावती मागतोय आणि कारकून विडी मागतोय. इलाख्यात गेलो की नाका उठला. गाडी सरळ आत.”

“आणि सरळ भाईर!” हंबीरराव म्हणाले. “नाका हाय म्हणून माल हितं थांबतोय रं. नाका उठला की गाडी सांगलीत कशाला उतरंल? झोपलेल्या गाडीवानाला घिऊन बैलंच मुंबईला जातील.”

“इटलीत आमी बगितलं दादा. नाकं उठली तिथं बाजार वाढलं.”

“इटलीत हळद पिकती?”

“न्हाई.”

“मग गप बस.”

परराष्ट्र व्यापारावरची चर्चा या मुद्द्यावर रोज थांबत असे. आज बनुबाईंनी ती थांबू दिली नाही.

“मला इचारा की कुणीतरी,” त्या म्हणाल्या. “मला बी मत हाय.”

“आक्का, तुझं कुंडल औंध संस्थानात,” लालासाहेब म्हणाले. “तू परराज्यातली. तुला कसलं मत?”

“व्हय? मग सकाळी परराज्यातला हुरडा दोन वाट्या हाणलास, तवा जकात भरलीस का रं?”

लालासाहेबांनी मिशीला हात लावला. मिशीत हुरड्याचा एक दाणा अजून होता.

*

विष्णुपंत पावणेचारला आले. बगलेत वही, कानावर पेन्सिल. माडीवरून गादी आणून झटकून त्यांना बसायला दिली, त्यामुळं पहिली पाच मिनिटं ते शिंकत होते.

“घाई नाही,” ते म्हणाले. “मतदानापूर्वी खुली चर्चा व्हावी. म्हणजे मागून इतिहासाला कळतं की लोक का चुकले.”

इतिहास हा शब्द त्या घरात उच्चारायला नको होता. बनुबाईंनी पदर खोचला.

“इतिहास मी सांगते, लिवा. त्रेचाळीस साली नाक्याची चौकी जाळली आमच्या कुंडलच्या पोरांनी. मी सोता त्यास्नी भाकरी बांधून दिली. तवा हा लाला कुठं हुता? इंग्रजाच्या रसदीचा डबा फोडत बसला हुता.”

“लढाई करत हुतो, आक्का.”

“कुणाकडनं?”

लालासाहेबांनी हा प्रश्न आफ्रिकेच्या वाळूत आणि इटलीच्या चिखलात अनेकदा स्वतःला विचारला होता. बहिणीला उत्तर देण्याइतकी प्रगती झाली नव्हती. ते म्हणाले, “चौकी कुणी जाळलीच न्हाई. कारकुनाची विडी बारदानावर पडली. मला तसं पत्र आलं हुतं.”

“कुणाचं?” विष्णुपंतांनी पेन्सिल काढली.

“दादाचंच.”

सगळे हंबीररावांकडं बघू लागले. गेलं वर्षभर ते पेठेत सांगत होते, की चौकी पेटवायला रॉकेल आपल्याच पेढीतून गेलं. ते जराही डगमगले नाहीत.

“त्या पत्रात खरं कसं लिवीन?” ते म्हणाले. “सेन्सॉर हुता!”

“मी त्या दिवशी नाक्यावरच होतो,” विष्णुपंत हळूच म्हणाले. “मला आठवतं, दिवसभर पाऊस पडत होता.”

“मग चौकी जळली कशी?” लालासाहेबांनी विचारलं.

“तोच तर इतिहासापुढचा प्रश्न आहे.”

माजघराच्या दाराआड अंजना, कृष्णातची बायको, चहाचं आधण ठेवून हे ऐकत होती. तिला इतिहासाची काळजी नव्हती. तिचं लक्ष सासऱ्यांच्या उजव्या हाताकडं होतं.

महिन्यापूर्वी पोतं शिवताना हंबीररावांच्या अंगठ्यात दाभण शिरलं होतं. आरपार नव्हे, पण चांगलं अर्धं पेर. ते कुणाला तरी गुळाचा भाव समजावून सांगत होते आणि सांगतच राहिले. रक्त धोतरावर उतरलं तेव्हा त्यांनी आधी आढ्याकडं बघितलं, वरून काही गळतंय का म्हणून. दारातून अंजनानं हे पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. तिनं कृष्णातलासुद्धा सांगितलं नव्हतं. अडत्याच्या बोटांना कळेनासं झालं, हे पेठेत फुटलं असतं तर दुसऱ्या दिवशी दारात गाडी आली नसती.

*

“तर मग,” विष्णुपंत म्हणाले, “हात वर करून मत द्यायचं का?”

“हात नगं,” लालासाहेब म्हणाले. “हात वर करायचं म्हटलं तर कृष्णात आदी माझ्या हाताकडं बगंल, मग त्याच्या आबाच्या. आणि मग डोकं खाजवंल.”

कृष्णात डोकं खाजवत होता. त्यानं हात खाली घेतला.

“चिठ्ठ्या?”

“मला कुठं लिवाय येतंय?” बनुबाई म्हणाल्या. “आणि एकीला येत न्हाई म्हणून तुमी लिवणार, म्हंजे माझं मत तुमच्या अक्षरात. नगं.”

“मग रुमाल,” लालासाहेब म्हणाले.

हे त्यांनी साधेपणानं म्हटलं. हळदीच्या घरात गुप्त मत म्हटल्यावर आणखी काय सुचणार? एक बोट म्हणजे वेगळं राहायचं, दोन म्हणजे संघ, तीन म्हणजे मुंबई. विष्णुपंतांना तर आनंद झाला. “वा! शास्त्रोक्त गुप्त मतदान. विलायतेतही हे नाही.”

दाराआड बांगड्या एकदम वाजल्या आणि थांबल्या.

“रुमाल धरायचा कुणी?” हंबीररावांनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

“तुमीच. अजून तुमच्याच खांद्यावर हाय की.”

“आबा,” कृष्णात दबकत म्हणाला, “पण रुमाल धरणाऱ्याला बोली नसती.”

खरंच होतं. अडत्या बोली लावत नाही. म्हणजे या घरातला एकमेव माणूस, ज्याचं मत सगळ्या पेठेला पाठ होतं, त्यालाच मत उरलं नव्हतं. विष्णुपंतांनी ही गोष्ट वहीत टिपून घेतली आणि तिच्याखाली रेघ मारली.

हंबीररावांनी रुमाल झटकला, उजव्या हातावर टाकला आणि मांडी घालून बसले. शिमग्यापासून त्यांची बोटं बधिर होती. आधी टोकं, मग पेरं, आता पंजा. तरी सबंध हंगाम त्यांनी भाव पुकारले होते आणि एकदाही चुकले नव्हते, कारण त्यांनी बोटांचा नाद सोडून तोंडं वाचायला सुरुवात केली होती. एक खरेदीदार भाव चढवायचा असला की आधी आपल्या छत्रीकडं बघायचा. दुसरा गाल आतून चावायचा. मिरजेचा एक जण तर भाव ओठांनी पुटपुटायचा आणि ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. उलट पेठेत बोललं जात होतं, की हंबीररावांची बोटं म्हातारपणी जास्तच तल्लख झालीत.

लालासाहेब पुढं आले, रुमालाखाली हात घातला. हंबीररावांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. तिथं काहीच नव्हतं. पलटणीनं ते पुसून परत पाठवलं होतं. मिशीत पांढरे केस होते, बरेच. हे कधी झालं, असं हंबीररावांच्या मनात आलं. बाकी, काही बोलत नाही म्हणजे ऐकतोय, असं त्यांनी ठरवलं.

कृष्णात आला. त्याचं तोंड दिसलंच नाही, भांग दिसला. मान एवढी खाली घालणारा मुलगा बापाबाहेर जाणार नाही, हे उघड होतं.

बनुबाई आल्या. त्या हसत होत्या. पण त्या पासष्ट वर्षं हसतच होत्या. त्यांच्या लग्नातसुद्धा त्या हसल्या होत्या आणि त्यावरून मानपान अडला होता.

“आता सूनबाईचं मत,” विष्णुपंत म्हणाले.

सासऱ्याच्या हातात हात देणं अंजनाला शक्य नव्हतं. म्हणून बनुबाई माजघरात गेल्या आणि पदराखाली हात पुढं केला. अंजनानं एक बोट दाबलं. तिला ना संघाशी घेणं होतं, ना मुंबईशी. सासरे काय पुकारणार ते तिला माहीत होतं, आणि त्यातलं निदान एक तरी खरं असावं, एवढंच तिच्या मनात होतं.

“एक?” बनुबाई कुजबुजल्या. “येडी का काय तू?”

“आत्याबाई, तेवढंच न्या.”

“बरं,” बनुबाई म्हणाल्या आणि बाहेर येऊन त्यांनी भावाच्या हातात तीन बोटं दाबली. पोरीला कळत नाही, आपल्याला कळतं, असा त्यांचा सरळ विचार होता. मतपत्रिका ने-आण करणाऱ्याला असा विचार सुचतोच.

हंबीररावांनी रुमाल उचलला, घसा साफ केला आणि भर बाजारात पुकारावं तसं पुकारलं, “एक! चारी एक! वेगळं ऱ्हायाचं. मास्तर, लिवा.”

*



लालासाहेबांनी तीन बोटं दाबली होती, स्वच्छ, परेडवर बूट आपटावा तशी. ते भावाकडं बघत राहिले. रुमालाखालचं खोटं हे त्यांच्या घरात न बोलण्याची गोष्ट होती. वडील असताना एका अडत्यानं खरेदीदारानं दाबलेल्या चार आण्यांचे सहा पुकारले, तर त्याच्या दारावरून लोक बैल वळवून नेत. दादा हट्टी, दादा बढाईखोर, हे सगळं मान्य. पण हे? रुमाल आपल्याला मिळावा म्हणून ते गेले सहा महिने आतून झुरत होते. तो असा मळलेला मिळेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

कृष्णातनं दोन दाबली होती. तो नेहमी मधलं दाबायचा. त्याला वाटलं, आपलं एक बोट आबांनी माफ केलं.

बनुबाईंची तर दोन मतं गेली होती. त्यांपैकी एक चोरीचं होतं, त्यामुळं त्यांना मोठ्यानं ओरडता येईना, आणि ओरडता येत नसलं की त्यांच्या पोटात दुखायला लागायचं.

“पुन्यांदा घ्या,” त्या म्हणाल्या.

“का?”

“मज्जा आली म्हणून.”

“फेरमतदानाला नियमात जागा आहे,” विष्णुपंत म्हणाले. नियम त्यांचेच होते.

“घ्या दादा,” लालासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज गार होता. “एकमत झालंय तर दोनदा बी हुईल.”

हंबीररावांनी भावाकडं बघितलं आणि या वेळी त्यांना ते तोंड वाचता आलं. त्यावर लिहिलं होतं: खोटारडा. त्यांनी रुमाल परत हातावर टाकला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

“मी पयली,” बनुबाई म्हणाल्या. पेढीवर नमुन्याची टोपली होती. पुढं सरकताना त्यांनी त्यातलं एक हळकुंड उचललं, चांगलं अंगठ्याएवढं जाड, आणि रुमालाखाली नेऊन भावाच्या पंजात ठेवलं. आपला हात काढून घेतला. त्यांचा बेत एवढाच होता, की हा चिडेल, रुमाल फेकेल, आरडाओरडा होईल आणि त्या गोंधळात आपल्याला आपली तीन बोटं सांगता येतील.

हंबीररावांनी बहिणीच्या तोंडाकडं बघितलं. ती हसत होती.

“एक,” ते म्हणाले.

बनुबाईंचं हसू गेलं. पासष्ट वर्षांत पहिल्यांदाच गेलं असेल. “हंबीर,” त्या म्हणाल्या, “नीट बग.”

“बगितलं की. एक.”

त्यांनी रुमाल उचलला.

चाळीस वर्षं हळदीचा धंदा केलेल्या माणसाच्या हातात हळकुंड पडलं होतं आणि त्याला ते कळलं नव्हतं. कृष्णातला हे समजायला थोडा वेळ लागला. विष्णुपंतांना समजलं नाही, पण समजल्यासारखं त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. लालासाहेबांना लगेच समजलं. इटलीतल्या डोंगरात, बर्फात, त्यांच्या तुकडीतला एक जण असाच स्वतःच्या हाताकडं बघत बसायचा, परक्या माणसाचा हात असल्यासारखा.

हंबीररावांनी हळकुंड डोळ्यांजवळ नेलं. उलटं केलं.

“राजापुरी,” ते म्हणाले. “गेल्या सालचं. पेवात पानी गेलंय जरा.”

“कवापास्नं, दादा?” लालासाहेबांनी विचारलं.

“पेवात?”

“हातात.”

“शिमग्यापास्नं.”

“आणि हंगामभर?”

“तोंडं बगून.” हंबीररावांनी हळकुंड टोपलीत टाकलं, ते बाहेर पडलं. “पेठेतली समदी तोंडं मला येत्यात. घरातली आली न्हाईत.”

माजघरात चहा उतू गेला. अंजना जागची हलली नाही.

*

पुढं जे झालं त्याची नोंद लोकमत अजमावणी समितीच्या वहीत नीटशी सापडत नाही.

आधी लालासाहेब बोलले. “मास्तर, लिवा. वेगळं ऱ्हायाचं. एकमत.”

“पण आपण तर—”

“आमचं समद्यांचं एक बोट हुतं. दादांनी पुकारलं ते बरोबर हाय. लिवा.”

“व्हय, लिवा,” बनुबाई म्हणाल्या. “माझं बी एक. नाका पायजेच. नाका नसला तर माणसाला घर आलं हे कळंल कसं?”

“व्हय,” कृष्णात म्हणाला. त्यानं एकदा चुलत्याकडं, एकदा आत्याकडं बघितलं. मधलं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यानंही एक बोट वर केलं.

घरात इतकं एकमत कधी झालं नव्हतं. विष्णुपंतांनी पेन्सिलीला थुंकी लावली.

“थांबा,” हंबीरराव म्हणाले. “मुंबई लिवा.”

“दादा!”

“लाला, तू किती दाबलीस?”

लालासाहेब सरळ समोर बघू लागले.

“पलटणीतला हाईस. खोटं बोलाय उशीर लागतोय तुला. किती?”

“तीन.”

“आक्का?”

“आता एक म्हनलं न्हवं का?”

“तवा.”

“तीन,” बनुबाई म्हणाल्या, आणि माजघराच्या दाराकडं न बघता पुढं म्हणाल्या, “आणि तीन.”

अंजनानं आत्याबाईंचा हिशेब ऐकला, पण तो दुरुस्त करायची ही वेळ नव्हती.

“मग तीन लिवायचं,” हंबीरराव म्हणाले. “दिलेली बोली बदलत न्हाई. मला कळली न्हाई, ही माझी चूक. देणाऱ्याची न्हवं.”

“पण दादा, नाका उठला तर गाडी हितं थांबंल का? तुमीच म्हनायचा.”

“का न थांबायला? गाडीवानाला अर्धा दिस वाचला तर तो अर्धा दिस हितंच चहा पिईल. इटलीत बगितलं न्हाईस का तू?”

“इटलीत हळद पिकत न्हाई!” लालासाहेब ओरडले.

यानंतर अर्धा तास दोन भाऊ परराष्ट्र व्यापारावर कडाक्यानं भांडले. मघापर्यंत जो मुद्दा ज्याचा होता तो आता दुसऱ्याच्या तोंडात होता, आणि दोघांनाही तो स्वतःच्या मुद्द्यापेक्षा चांगला येत होता. बनुबाई आधी लालासाहेबांच्या बाजूनं बोलल्या, मग हंबीररावांच्या, मग त्यांनी दोघांना नाक्याच्या कारकुनाएवढीही अक्कल नसल्याचं सांगितलं. विष्णुपंतांनी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. रबर संपला.

“मी आपली पेढी ‘इतर’ या रकान्यात घालतो,” ते शेवटी म्हणाले.

“त्या रकान्यात आनखी कोण हाय?” हंबीररावांनी विचारलं.

“कुणी नाही. तो मी आत्ताच आखला.”

हंबीरराव उठले. रुमालाची घडी घातली, ती नीट बसली नाही, परत घातली. कृष्णातच्या समोरून ते गेले. कृष्णातनं हळूच सुस्कारा सोडला. आपल्याला टाळलं याचं दुःख त्याला उद्या होणार होतं, आज सुटल्याचा आनंद होता. हंबीररावांनी रुमाल लालासाहेबांच्या खांद्यावर टाकला. लालासाहेब सवयीनं ताठ उभे राहिले, टाचा जुळवून, आणि मग आपण पदक घेतल्यासारखे उभे आहोत हे लक्षात येऊन ओशाळले.

“दादा, मला तोंडं वाचता येत न्हाईत,” ते म्हणाले.

“तुला बोटं हाईत.”

“तो छत्री घिऊन येणारा खरेदीदार लई हट्टी हाय न्हवं?”

“छत्रीकडं बगितलं की दोन आणं चढतोय. पर त्याला सांगू नगं. छत्री घरी ठिवून यील.”

विष्णुपंत वही बगलेत मारून उभे राहिले. या घराचं मत काय सांगायचं, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. पेठेत चाळीस पेढ्या त्या उत्तराची वाट बघत होत्या आणि त्यामागं सगळं संस्थान. हंबीररावांनी तो चेहरा वाचला आणि सोडून दिला.

ते गादीवर बसले. या वेळी आधी मागं वळून बघितलं. अंजना दारात आली, पदर सावरून तिनं कपबशी त्यांच्यापुढं ठेवली आणि मागं सरली. हंबीररावांनी कपाकडं बघितलं. वाफ होती की नव्हती, संध्याकाळच्या उजेडात नीट दिसत नव्हतं.

“अंजना,” ते म्हणाले, “चहा पोळंल का गं? जरा हात लावून सांग.”